घरच्यांचा 'नाही' जरा सुटा करून बघ

बाळा,

तुझं पत्र वाचलं, अ‍ॅनिमेशन शिकायला घरचे नाही म्हणतायत ते. सगळ्यात आधी सांगते, तुझं काही चुकलेलं नाहीये. अ‍ॅनिमेशन शिकायचंय आणि आईबाबांना दुखवायचंही नाहीये, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, त्यातलं एक खोटं ठरवायची घाई नको करू. पण शेवटी तू लिहिलंयस ना, 'एकतर ते नाहीतर मी', तिथे मी अडकले, कारण मला वाटतं सगळा घोळ तिथेच आहे.

हे बघ, घरातून 'नाही' येतो तेव्हा आपल्याला एकच शब्द ऐकू येतो, पण आत कितीतरी गोष्टी गुंतलेल्या असतात, पैसे बुडतील का, लोक काय म्हणतील, आमच्यामागे हा धंदा कोण बघणार, लांब गेल्यावर हे पोर आपलं राहील का... परंपरा असतेच त्यात, पण दरवेळी तीच मुख्य असते असं नाही, कारण 'मला भीती वाटते' म्हणण्यापेक्षा 'आपल्यात असं चालत नाही' म्हणणं मोठ्या माणसांना सोपं जातं.

चार्ल्स डार्विन तुला माहितीये, पण त्याच्या घरी काय झालं ते ऐक. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, म्हणून १८२५ मध्ये त्यालाही एडिनबरोला मेडिकलला घातलं. तेव्हा भूल द्यायची सोय नव्हती, ऑपरेशन बघवेना म्हणून तो तिथून पळाला, मग वडील म्हणाले धर्मगुरू तरी हो, आणि त्याला केंब्रिजला पाठवलं. १८३१ मध्ये बीगल नावाच्या जहाजावरून निसर्ग-अभ्यासक म्हणून लांबच्या सफरीवर जायची ऑफर आली, तेव्हा तो २२ वर्षांचा होता, आणि वडील नको म्हणाले. त्याने ऑफरला नकार कळवूनही टाकला. पण वडिलांनी एक फट ठेवली होती, की एखादा समंजस माणूस जा म्हणाला तर मी परवानगी देईन. डार्विन मामांकडे गेला, जोसाया वेजवुड त्यांचं नाव, आणि वडिलांचे सगळे आक्षेप नंबर घालून कागदावर लिहून काढले, आठ निघाले. पुढे धर्मगुरू म्हणून नाव खराब होईल, हा परत करिअर बदलतोय, नंतर कधी स्थिर होणार नाही, जहाजावर हाल होतील, असे. मामांनी एकेका मुद्द्याला उत्तर लिहिलं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते पहिलं, की निसर्गाचा अभ्यास धर्मगुरूला शोभणाराच आहे. म्हणजे वडिलांना जे महत्त्वाचं वाटत होतं ते मोडीत न काढता, तेच धरून उत्तर दिलं. वडिलांनी होकार दिला, खर्चही उचलला.

तूही घरच्यांच्या आक्षेपांची अशीच यादी कर. आता डार्विनच्या घरी पैसा होता हे खरंय, तुमच्याकडे तेवढा नसेल तर पैशाचा मुद्दा यादीत सगळ्यात वर येईल, येऊ दे. कोर्स किती वर्षांचा, फी किती, शिकताना काम करता येतं का, हे आधी शोधून ठेव, नुसतं 'मला आवडतं' म्हणून तो मुद्दा सुटत नाही. आणि यादी त्यांच्याच शब्दांत लिही, तुझ्या रागाच्या शब्दांत नको, 'बाबांना माझी पर्वा नाही' हा आक्षेप नाही, 'यात नोकरी मिळत नाही' हा आहे. बोलताना एका वेळी एकच आक्षेप काढ, बाकीचे मध्येच आले तर 'त्यावर नंतर बोलू' म्हण. सोबत तुझ्या घरात असा कोण आहे ज्याचं बाबा ऐकतात तेही बघ, मामा, आत्या, आजी, शाळेतल्या मॅडम, कुणीही.

आणि परंपरा म्हणजे आपली शत्रूच, असं धरून नको चालू. मंगोलियातल्या कझाक लोकांमध्ये गरुड घेऊन शिकार करतात, हे काम जास्त करून बापाकडून मुलाकडे येतं. ऐशोलपान नावाच्या मुलीला तेच शिकायचं होतं, वडिलांनी शिकवलं, आणि २०१४ मध्ये १३ व्या वर्षी तिथल्या उल्गी गावच्या गोल्डन ईगल फेस्टिवलमध्ये, म्हणजे गरुड-शिकाऱ्यांच्या स्पर्धेत, ती जिंकली! तिचं स्वप्न घराच्या रिवाजातच होतं, फक्त मुलीने ते करावं का एवढाच प्रश्न होता. तुझ्या घरच्या कामातलंही तुला खरंच काही आवडतं का, हे एकदा मनापासून तपास, आवडत असेल तर तसं बोलून दाखव, ते ऐकायला घरचे आसुसलेले असतात गं-रे!

पण तुझं म्हणणं मांडताना कचरू नको. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात आमिश लोकांची, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने जगणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, केस होती, त्यांना आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचं नव्हतं, आणि निकाल पालकांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र वेगळं मत लिहिलं, की मुलाला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचं असेल तर त्याचं ऐकायला नको का. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १२ आलं, मुलाचं मत ऐकून घ्या आणि वयानुसार त्याला वजन द्या म्हणून.

एक मात्र स्पष्ट सांगते. मारहाण, कोंडून ठेवणं, जबरदस्तीचं लग्न, यातलं काहीही चालू असेल तर ही यादीबिदी राहू दे, लगेच शाळेत किंवा चाइल्ड हेल्पलाइनला सांग, आणि मलाही. ते घरचं गुपित म्हणून सांभाळायचं नसतं.

तसं नसेल तर या आठवड्यात कागद घेऊन बस, आणि ज्या आक्षेपाला तुला उत्तरच सापडत नाही तो मला आधी पाठव.