गन रिकामी झाली की आधी एकच काडतूस

प्रश्न : साहेब, मी आर्मीतून रिटायर झालोय, सध्या झवेरी बाजारात एका पेढीवर गनमॅन आहे. लायसनवर दुनळी बारा बोअर आहे, आता पंप ॲक्शन, म्हणजे नळीखालचा पंप मागेपुढे ओढून चालवायची गन, घ्यायचा विचार चाललाय. सगळी काडतुसं संपली आणि समोरचा अजून उभाच असेल तर पटकन भरायचं कसं? ड्युटीवरचा एक दोस्त बोलतो की नळीखालची मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायची नळी, पूर्ण भरायची, मगच पंप मारायचा.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : दोस्ताला चहा पाजा पण त्याचं ऐकू नका. मॅगझिन भरत बसलात तर तेवढा वेळ तुमच्या हातात नुसती काठी आहे. शेवटचा बार झाला की पंप मागे ओढा, रिकामं काडतूस बाहेर उडेल आणि बाजूची खिडकी उघडी राहील. उजवा हात मुठीवरच, बोट ट्रिगरच्या बाहेर, डाव्या हाताने एक काडतूस काढा, पितळेचं बूड मागे, गनच्या पोटाखालून हात नेऊन थेट खिडकीत टाका आणि पंप पुढे. एक राउंड चेंबरमध्ये, म्हणजे बार उडतो त्या नळीच्या मागच्या घरात, गेला, आता निवांत, म्हणजे निवांत कसलं, पण खालून अंगठ्याने मॅगझिनमध्ये एकेक ढकलत राहा. काही जण हात वरून नेतात, तेही चालतं, पण मग समोरचं दिसत नाही म्हणून मला नाही आवडत.

एक गोची आहे. डावा हात सुटल्यावर नळी खाली झुकली तर पंप आपोआप पुढे सरकतो, आणि रिकाम्या चेंबरवर पूर्ण बंद झाला की रिलीजचं बटण दाबल्याशिवाय उघडतच नाही, माणूस घाबरून नुसता खेचत बसतो. नळीचं तोंड जरा वर ठेवा.

दुनळी असेपर्यंत दोन काडतुसं बोटांच्या बेचक्यांत धरून एकदम सोडायची सवय करा. पण तुमच्या गनला इजेक्टर, म्हणजे रिकामं काडतूस आपणहून बाहेर फेकणारा, आहे का ते बघा, साधा एक्स्ट्रॅक्टर असेल तर तो काडतूस थोडंसंच उचलतो, बाकीचं नखाने ओढायचं, आणि चेंबर घाणेरडं असेल तर ते तिथेच चिकटतं. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं महिनोन्‌महिने ठेवू नका, पितळेवर हिरवं चढतं, त्यात मुंबईची हवा. आणि खिशात वीस बोअरचं, म्हणजे बारापेक्षा बारीक काडतूस, एकही नको! ते बारा बोअरच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं, मागून बाराचं भरून बार काढला की नळी फुटते. वीसचं काडतूस पिवळं करतात ते याच्यासाठीच.

प्रॅक्टिस डमी, म्हणजे दारू नसलेल्या खोट्या काडतुसांवर करा. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा असं लिहिणार होतो, पण लालबागला दुसरी खोली कुठली, तेव्हा कपाटात कुलूप लावून चावी वहिनींकडे द्या. नंतर तेच लाईट बंद करून करा, अंधारात बूड कुठलं ते बोटाला बुडाच्या कडेवरून कळतं.