केबल कुणाची, डबा कुणाचा?

दोन-तीन ग्राफिक्स कार्डांचं मशीन उभं करणाऱ्यांची पत्रं पुन्हा साठली आहेत. निम्म्यांत पॉवर सप्लायबद्दलच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दलच्या, शंका त्याच, म्हणून इथे एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न : आरटीएक्स ४०९० साठी ८५० वॉटचा पॉवर सप्लाय सांगितलाय. मला दोन कार्डं लावायची आहेत. म्हणजे १७०० वॉट?

उत्तर : नाही. ते ८५० एक कार्ड धरून अख्ख्या कॉम्प्युटरचे आहेत. प्रोसेसर काही तुम्ही दोन लावणार नाही. हिशोब असा मांडा : कार्डाचे ४५०, दोनांचे ९००. तगडा प्रोसेसर २५०. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून १००. झाले १२५०. त्यावर मोकळीक हवीच, कारण कार्ड ४५० वर शांत बसत नाही. क्षणाच्याही अंशापुरती उसळी मारतं, आणि दोघांची उसळी एकदमही येऊ शकते. म्हणून १५००-१६०० चा घ्या आणि तो एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा असू द्या. त्या मानकात क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सोसण्याची अट आहे. प्रोसेसर कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. पैसे मोजण्याआधी पूर्ण यादी मशीन जोडणाऱ्याला दाखवा. घरच्या सॉकेटला आणि वायरिंगला एवढा भार झेपेल का, हेही इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या.

प्रश्न : ९० टक्के कार्यक्षमतेच्या १००० वॉटच्या सप्लायमधून ९००च मिळतात, असं दुकानदार म्हणाला.

उत्तर : चूक. मिळतात १०००च, भिंतीतून ओढले जातात सुमारे ११११.

प्रश्न : १६०० वॉटचा घेतला तर तो सतत तेवढी वीज खाईल?

उत्तर : नाही. मशीन मागेल तेवढीच, वर थोडी उष्णतेत जाणारी.

प्रश्न : ‘८० प्लस गोल्ड’ म्हणजे भरवशाचा ना?

उत्तर : तो शिक्का फक्त कार्यक्षमतेचा. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाल्यावर सप्लाय वेळेत बंद पडतो का, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. खोक्यावर ठळक छापलेली ‘पीक पॉवर’, म्हणजे क्षणभरच मिळणारे वॉट, तीही विसरा. सप्लायच्या अंगावरच्या लेबलात १२ व्होल्टपुढचे अँपिअर वाचा. १००० वॉट म्हणवणाऱ्याकडे ते ८३ च्या आसपास नसतील, तर बाकीचे वॉट कुठून येणार, हे विक्रेत्यालाच विचारा.

प्रश्न : नवा सप्लाय घेतला. जुन्याच्या केबली छान बांधलेल्या आहेत आणि प्लग नव्यातही बसतो. त्याच ठेवू का?

उत्तर : बटणाला हात लावू नका. हा प्रश्न दर महिन्याला येतो, आणि बहुतेक वेळा मशीन चालू करून झाल्यावर येतो.

मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुटी होणाऱ्या, केबलचं कार्डाकडचं किंवा डिस्ककडचं टोक ठरलेलं असतं. सप्लायकडच्या टोकाला असं कुठलंच बंधन नाही. कोणत्या खाचेत १२ व्होल्ट, कोणत्यात ५, कोणत्यात ग्राउंड, हे ज्याचं तो ठरवतो. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक निघतो. आणि प्लग मात्र बिनबोभाट बसतो, टक्कन आवाज करून अडकतोसुद्धा! ‘बसला म्हणजे चालतो’ हे कुणी पसरवलं कोण जाणे.

असं एक मशीन माझ्या टेबलावर आलं होतं. मालकानं डबा बदलला, केबली जुन्याच ठेवल्या. ना ठिणगी उडाली, ना धूर निघाला. दोन एसएसडी आणि एक हार्ड डिस्क तेवढी कायमची गप्प झाली, कारण ५ व्होल्टच्या तारेत १२ शिरले होते. एका एसएसडीच्या चिपवर भिंगातून टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी फोड दिसत होता. पाच वर्षांचं काम त्यात होतं. बॅकअप येत्या रविवारी घ्यायचा होता म्हणे.

तेव्हा डबा बदलला की केबलही बदलायची. अपवाद एकच : तुमची दोन्ही मॉडेल्स नाव घेऊन कंपनीनं लेखी ‘चालेल’ म्हटलं असेल तर. फोनवरचं आश्वासन धरू नका. जुन्या केबलींना आजच चिठ्ठी बांधा, नाहीतर सहा महिन्यांनी कुठली कुणाची ते तुम्हालाच आठवणार नाही.

प्रश्न : तिसरं कार्ड रायझरवर, म्हणजे मदरबोर्डपासून दूर नेणाऱ्या जोडस्लॉटवर, आहे. रायझरला डिस्कच्या साटा केबलनं वीज दिली तर?

उत्तर : देऊ नका. साटा प्लगमधून १२ व्होल्टवर ५४ वॉट मिळतात. कार्ड स्लॉटमधून १२ व्होल्टवर ६६ पर्यंत ओढू शकतं. अडॅप्टर विकणारा हे सांगत नाही.

प्रश्न : दोन सप्लाय एकत्र वापरावेत का?

उत्तर : जोडणाऱ्यानं हे काम आधी केलेलं असेल तरच. दोन्ही एकदम चालू व्हायला हवेत, ग्राउंड एक हवा. व्हिडिओ बघून करण्यातलं हे काम नाही.

प्रश्न : तीन महिन्यांपासून दोन्ही कार्डांवर पूर्ण भार आला की मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. एरवी ठीक चालतं. सप्लाय बदलायची घाई करू का?

उत्तर : तीन महिने थांबलात आणि आता घाईचं विचारता! सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडत असावा, पण दोष त्याचाच असं पत्रावरून सांगता येणार नाही. आधी दोन्ही कार्डांची पॉवर लिमिट, म्हणजे जास्तीत जास्त वॉट ओढण्याची मर्यादा, ४५० वरून ३५० वर आणा. वेग फार पडत नाही. रीस्टार्ट थांबलं तर संशय सप्लायवर. मग मशीन बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि कार्डाचा १६ पिनांचा कनेक्टर सोडवून उजेडात धरा. त्यातून ६०० वॉट, म्हणजे ५० अँपिअर, जेमतेम सहा पिनांवर वाटले जातात. प्लग केसभर बाहेर राहिला तरी एखादी पिन तापते. प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल किंवा करपल्याचा वास आला, तर तो परत लावू नका. कार्ड आणि केबल दोन्ही घेऊन सर्व्हिस सेंटर गाठा.