अमेरिकेत मेडिकेडवर (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यावर) उपचार देणारे व्यसनमुक्ती केंद्र कसे शोधावे?
'फाइंडट्रीटमेंट डॉट गव्ह' या अमेरिकी सरकारी संकेतस्थळावर झिप कोड टाकून खर्चाच्या पर्यायांत मेडिकेड निवडा, किंवा १-८००-६६२-४३५७ या अहोरात्र चालणाऱ्या मोफत हेल्पलाइनवर विचारा. ही यादी व्यसनोपचाराचे काम पाहणारी संघराज्य सरकारची संस्थाच ठेवते, त्यामुळे जाहिरातबाज दलालांपेक्षा ती कितीतरी विश्वासार्ह आहे. मात्र यादीत नाव आहे म्हणजे निवासाचा खर्च मिळेलच असे नाही: मुख्यतः मानसिक आजार व व्यसन यांवर उपचार करणाऱ्या, १६ हून अधिक खाटांच्या संस्थेतील वास्तव्यासाठी २१ ते ६४ वयाच्या रुग्णांना संघराज्याचा निधी सहसा मिळत नाही, जरी अनेक राज्यांनी त्यातून सवलत घेतली आहे. म्हणून दाखल होण्यापूर्वी केंद्राला आणि आपल्या मेडिकेड योजनेला, दोघांनाही, पूर्वपरवानगी लागते का हे अवश्य विचारावे.