पिप अपग्रेड केलं तर पिप बंद, पायथन बदललं तर यमही बंद. सेंटओएस ७ वर आता काय करू?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. जुन्या सहकाऱ्याकडून सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) चा सर्व्हर तुमच्याकडे आला, त्यावर पायथन २.७.५. पिपची (पायथनची पॅकेजं बसवणारं हत्यार) कुठलीही कमांड दिली, अगदी पिप लिस्टसुद्धा, तरी 'सिंटॅक्स एरर: इनव्हॅलिड सिंटॅक्स'. गेट-पिपची (पिप बसवून देणारी) स्क्रिप्ट उतरवून चालवली तर ती म्हणते, मी २.७ वर चालत नाही. मग कुणीतरी सांगितलं म्हणून पायथनची लिंक पायथन ३ कडे वळवली आणि आता यमही (सेंटओएसची पॅकेजं बसवणारं हत्यार) तीच एरर देतंय. सर्व्हर पुसून नव्याने लावण्याशिवाय इलाज आहे का?

आहे. पुसू नका. नेटवर्क आणि रूट पासवर्ड हाताशी असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. (फोनवर मराठी कीबोर्ड लावूनच लिहितोय, त्यामुळे कमांड उच्चारल्यासारख्या लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.)

सगळ्यात आधी ती लिंक परत जागेवर आणा, बाकीचं नंतर. /यूएसआर/बिन मध्ये जाऊन एलएस डॅश एल पायथन* बघा. मुळात साखळी अशी असते: पायथन ही लिंक पायथन२ कडे आणि पायथन२ ही लिंक पायथन२.७ कडे. तुम्ही फक्त पहिली कडी वळवलेली दिसते. एलएन डॅश एसएफएन पायथन२ पायथन, एवढं त्याच फोल्डरमध्ये उभं राहून रूट म्हणून दिलं की यम बोलायला लागेल. कुणी तुम्हाला 'यमच्या फाइलची पहिली ओळ बदला' असं सांगेल. त्या वाटेला जाऊ नका. एक बदलली की /यूएसआर/लिबएक्झेक मधली अर्लग्रॅबरची फाइल बदलावी लागते, मग कधीतरी फायरवॉल-सीएमडी अडतं, आणि एकेका फाइलमागे धावता धावता दिवस जातो. त्या सिस्टिमवरची निम्मी हत्यारं 'पायथन म्हणजे पायथन २' असं धरूनच लिहिलेली आहेत.

आता त्या दोन एरर जरा शेजारी-शेजारी ठेवून बघा, मला त्यात गंमत वाटते. पिपच्या एररमध्ये बाण ज्या ओळीकडे बोट दाखवतो, तिथे राइटच्या कंसात अवतरणचिन्हाआधी एक सुटा 'एफ' चिकटलेला आहे. ती एफ-स्ट्रिंग, म्हणजे मजकुरात व्हेरिएबलची किंमत थेट घालायची सोय. ही सोय पायथन ३.६ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१६ मध्ये आली. २.७ ला ते अक्षर तिथे कशाला आलंय हेच समजत नाही. यमच्या एररमध्ये, तिसाव्या ओळीवर, 'एक्सेप्ट कीबोर्डइंटरप्ट' नंतर स्वल्पविराम आणि 'ई' आहे. ही जुनी पद्धत, पायथन ३ ने ती काढून टाकली. म्हणजे एकीकडे जुन्या वाचणाऱ्यापुढे नवी पोथी आणि दुसरीकडे नव्या वाचणाऱ्यापुढे जुनी. फाइल दोन्हीकडे धडधाकट आहेत. 'सिंटॅक्स एरर' म्हटलं की आपण कुणीतरी कोड चुकीचा लिहिलाय असं धरून चालतो, पण स्वतः हात न लावलेल्या फाइलमध्ये ती आली तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की ही फाइल वाचतंय कोण.

पिपची ही अवस्था कशी झाली हे मला पाठ आहे, कारण मी स्वतः ती करून घेतली होती. सर्व्हर उभे करायच्या एका स्क्रिप्टमध्ये मीच एक ओळ टाकून ठेवली होती: सुडो पिप इन्स्टॉल डॅश डॅश अपग्रेड पिप. कितीतरी मशीन तिने विनातक्रार उभी केली. जानेवारी २०२१ च्या शेवटी एक नवीन मशीन लावताना अचानक ही एफवाली एरर. स्क्रिप्टचं एक अक्षर बदललेलं नाही, जुनी मशीन मजेत चालू. दोन तास मी माझ्याच स्क्रिप्टकडे संशयाने बघत बसलो. झालं होतं इतकंच की त्याच आठवड्यात पिप २१.० बाहेर आलं होतं आणि त्यात पायथन २.७ चा आधार काढून टाकला होता. २.७ वर चालणारं शेवटचं पिप २०.३.४. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पण मग पिपला हे कळू नये का, की मी ज्या पायथनवर चालतोय त्यावर नवीन पिप चालणार नाही? कळतं, पण पिप ९ पासून पुढे. प्रत्येक पॅकेज आपल्या माहितीत 'मला किमान अमुक पायथन लागतं' अशी ओळ लिहू शकतं. ती ओळ वाचून न चालणारी आवृत्ती बाजूला ठेवण्याची अक्कल पिपला नोव्हेंबर २०१६ मध्ये, नवव्या आवृत्तीत आली. सेंटओएस ७ साठी एपेलमधून (फेडोराचा जादा पॅकेजांचा साठा) मिळणारं पायथन२-पिप मात्र ८.१.२ आहे, मे २०१६ चं. सहा महिन्यांनी हुकलं बिचारं. त्याला फक्त 'सगळ्यात मोठा आकडा कोणता' एवढंच दिसतं. आणि वर ते स्वतःच प्रत्येक कमांडच्या शेवटी सांगत असतं की तुमचं पिप जुनं झालंय, अपग्रेड करा. तुमच्या सहकाऱ्याने बहुधा त्या सूचनेचं ऐकलं. त्याला फार बोल लावू नका, मीही ऐकलं होतं.

हल्ली ८.१.२ वरून तीच कमांड दिली तर बऱ्याचदा एवढा अनर्थ होत नाही, कारण नव्या पिपचं पॅकेज २.७ वर इन्स्टॉल होता होताच कोसळतं आणि जुनं जागेवर राहतं. तुमच्या मशीनवर अर्धवट चालणारं २१ बसलंय, म्हणजे ते बरंच आधीचं काम असणार.

दुरुस्तीला हात घालण्याआधी आरपीएम डॅश कॅपिटल व्ही पायथन२-पिप अशी कमांड देऊन बघा. मूळ पॅकेजमधल्या कुठल्या फाइल बदलल्या किंवा गायब झाल्या ते ती दाखवते. यादी लांबलचक आली तर सुडो पिपने यमच्या फाइलींवर आपलं बिऱ्हाड थाटलंय हे नक्की. मग /यूएसआर/लिब/पायथन२.७/साइट-पॅकेजेस मध्ये जा. तिथे पिप नावाचं फोल्डर आणि पिप-२१ ने सुरू होणारं एग-इन्फो किंवा डिस्ट-इन्फो असेल. कदाचित ८.१.२ चंही एक शिल्लक असेल. ते सगळं रूटच्या घरात एखाद्या फोल्डरमध्ये हलवून ठेवा. हलवा म्हणतोय, पुसा नाही.

आता नवं, म्हणजे योग्य तितकं जुनं पिप. गेट-पिप 'चालत नाही' म्हणाली ती एरर तुम्ही शेवटपर्यंत वाचली नसावी, कारण त्याच ओळीत पुढे पत्ता दिलेला असतो. बूटस्ट्रॅप डॉट पायपीए डॉट आयओ वर पिप नावाच्या फोल्डरमध्ये २.७ चं वेगळं फोल्डर आहे आणि त्यात जुन्या पायथनसाठीची गेट-पिप आहे. ती कर्लने उतरवा आणि पायथन२ ने चालवा. ती पिप २०.३.४ आणून बसवते. सोबत सेटअपटूल्स आणि व्हील ही पॅकेज बांधायची हत्यारंही आणते, त्यातलं सेटअपटूल्स ४४.१.१ हे २.७ वरचं शेवटचं. सिस्टिमच्या सेटअपटूल्सला हात नको असेल तर शेवटी डॅश डॅश नो-सेटअपटूल्स जोडा.

पिप कसंबसं चालू असलेली दुसरी मशीन असेल तर तिथे स्क्रिप्ट लागत नाही. पायथन२ डॅश एम पिप इन्स्टॉल पिप==२०.३.४ एवढं पुरतं. बरेच जण 'पिप<२१' लिहायला सांगतात, तेही बरोबर आहे, पण अवतरणचिन्हांत. अवतरणं विसरलात तर बॅशला वाटतं की '२१' नावाच्या फाइलमधून काही वाचायचंय, आणि 'अशी फाइल नाही' असं उत्तर येतं. या एका चिन्हावरून माझ्या टीममधल्या मुलाने एकदा अख्खा सर्टिफिकेटचा कारभार तपासून काढला होता.

यमने काही आणायला गेलात तर आणखी एक अडथळा येईल. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि मिररलिस्टचा (पॅकेजं कुठून उतरवायची त्याची यादी) पत्ताच बंद झाला, म्हणून 'होस्ट सापडत नाही' अशी एरर येते. तुमच्या लिंकशी तिचा संबंध नाही. /ईटीसी/यम.रेपोज.डी मधल्या सेंटओएसच्या फाइलींमध्ये मिररलिस्टच्या ओळींपुढे हॅश लावा, बेसयूआरएलच्या ओळींपुढचा हॅश काढा आणि पत्त्यात व्हॉल्ट डॉट सेंटओएस डॉट ओआरजी घाला. एपेल ७ सुद्धा आता फेडोराच्या आर्काइव्हमध्ये आहे.

पिप २०.३.४ बसलं की चित्र पालटतं. ते 'किमान पायथन' ची ओळ वाचतं, त्यामुळे जॅंगो हे पॅकेज मागितलं तर आपोआप १.११.२९ येतं, नमपाय १.१६.६, रिक्वेस्ट्स २.२७.१. प्रत्येकाचा शेवटचा चालणारा आकडा शोधत बसायला नको. ज्या पॅकेजच्या कर्त्याने ती ओळ लिहिलीच नाही, तिथे मात्र आकडा हाताने द्यावा लागेल. आणि आता तरी सुडो पिप सोडा. पायथन२ डॅश एम पिप इन्स्टॉल डॅश डॅश यूजर व्हर्च्युअलएन्व्ह, मग प्रत्येक ॲपला त्याचं स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट. त्यात हवा तेवढा गोंधळ घाला, यमला त्याची गंधवार्ताही लागणार नाही.

याच मशीनवरचं पायथन ३ वेगळ्या तऱ्हेचं आहे. सेंटओएसचं पायथन३ म्हणजे ३.६.८ आणि त्याच्याबरोबर येणारं पिप ९.०.३. तुम्ही तिथे क्रिप्टोग्राफी हे पॅकेज बसवायला गेलात तर 'सेटअपटूल्स_रस्ट नावाचं मॉड्यूल नाही' असं येईल आणि लोक रस्टचा कंपायलर शोधायला धावतात. रस्ट लागत नाही. क्रिप्टोग्राफीचं तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज) असतं, पण ते मेनीलिनक्स२०१४ या प्रकारचं, आणि तो प्रकार ओळखायला पिप १९.३ लागतं. ९.०.३ ला ते व्हील दिसतच नाही, म्हणून ते सोर्सवरून बांधायला घेतं आणि तोंडघशी पडतं. पायथन३ डॅश एम व्हीएनव्ह ने एन्व्हायर्नमेंट बनवा आणि त्याच्या आत सरळ पिप अपग्रेड करा. हो, तीच कमांड, जिने पायथन २ चं वाटोळं केलं. ९.०.३ नवव्या मालिकेतलं असल्यामुळे ते ३.६ वर चालणाऱ्या शेवटच्या पिपवर, म्हणजे २१.३.१ वर, आपणहून थांबतं. एकाच मशीनवर एकच ओळ एकाला तारते आणि दुसऱ्याला मारते, म्हणून नुसतं 'पिप' कधी लिहू नका. पायथन२ डॅश एम पिप किंवा पायथन३ डॅश एम पिप, म्हणजे कोण चालतंय ते तुम्हाला दिसतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा विचार 'मग सोर्सवरून नवं पायथन बांधू का' हाच असणार. बांधायचं तर मेक इन्स्टॉल नाही, मेक ऑल्टइन्स्टॉल. ते पायथन३.९ अशा पूर्ण नावाने बसतं आणि आधीच्या कुठल्या लिंकला शिवत नाही. ३.१० किंवा पुढचं घेतलंत तर त्याला ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीची लायब्ररी) १.१.१ लागतं आणि सेंटओएस ७ वर आहे १.०.२. ते बांधलं जातं, सगळं ठीक वाटतं, आणि मग पिप सांगतं की एसएसएल मॉड्यूलच उपलब्ध नाही. एपेलमधलं ओपनएसएसएल११ चं डेव्हल पॅकेज घेऊन बांधावं लागतं. ३.९ जुन्या ओपनएसएसएलवर बांधता येतं, पण त्याची मुदतही ऑक्टोबर २०२५ पर्यंतचीच. माझं स्पष्ट मत विचाराल तर या मशीनवर इतका जीव टाकू नका. वरच्या दुरुस्तीने ती चालती करा, पिप फ्रीझची (बसवलेल्या पॅकेजांची) यादी काढून घ्या आणि त्या यादीवरून नव्या मशीनवर ॲप हलवायला लागा. जॅंगो १.११ असेल तर हलवणं सोपं नाही, वेळ मागून घ्या.

आणि हे सगळं केल्यावरही पिप टाइप केलं की 'अशी फाइल नाही' म्हणत जुनाच रस्ता दाखवत असेल, तर घाबरू नका. बॅशने तो रस्ता लक्षात ठेवलेला असतो. हॅश डॅश आर द्या, किंवा लॉगआउट करून परत या.