द्राक्षाच्या काड्या जाळणारी मुलगी

तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार लिहितात : 'मुलगी कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. छाटणीच्या काड्या पत्र्याच्या डब्यात भरून चुलीत जाळते नि त्या कोळशानं चित्रं काढते. घरातली हळद, हिरडे काही शिल्लक ठेवत नाही. रंगाला पैसे दिले तरी हेच. हिला शिक्षकाचा कोर्स करायला लावू का?'

नमस्कार.

तुमचं पत्र वाचून हसू आलं. चित्रकलेच्या दुकानात जो कोळसा विकत मिळतो, तो बहुतेक वेळा विलो नावाच्या झाडाच्या फांदीचा असतो किंवा द्राक्षवेलीचा. तुम्ही बांधावर पेटवून देता तोच माल!

झाकण गच्च बसवून त्याला एक बारीक भोक ठेवायचं, भोकातून धूर यायचा थांबला की डबा बाहेर काढायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही. घाई केली की हवा शिरते आणि हाती राख येते. हे तिला कुणी शिकवलं की दोन-चार डबे वाया घालवून कळलं? वाया घालवून कळलं असेल, तर मला जास्त बरं वाटेल.

हळदीचंही तसंच. चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याकडं कुंकू करणाऱ्यांना ठाऊकच होतं. पण तिचा पिवळा रंग उन्हात उडतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घातला की काळी शाई होते, मात्र तीच शाई पुढं कागद खाते. मुलीला विचारा, हे सगळं ती लिहून ठेवते का? नसेल तर शंभर पानी वही आणून द्या. रंगाची पट्टी, प्रमाण, तारीख. अर्धी पट्टी पुठ्ठ्याखाली झाकून वही खिडकीत उघडी ठेवायची आणि महिन्यानं पाहायचं. मुलाखतीत मी तरी दहा निसर्गचित्रांआधी ही वही मागेन.

कारण जुनी चित्रं-कागदपत्रं सांभाळणाऱ्या संवर्धकाला नेमकं हेच कळावं लागतं. नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत त्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. तिला बारावीला रसायनशास्त्र होतं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. प्रवेशाच्या अटी आधी नीट वाचा. कागदाकडं ओढा असेल तर जयपूरजवळ सांगानेरला कुमारप्पा हातकागद संस्था आहे. संवर्धनात जागा थोड्या आणि सुरुवातीला पैसाही बेताचा, हे लपवत नाही. शिक्षकाचा कोर्स पदवीनंतरही करता येतो, त्यासाठी आत्ता कॉलेज सोडवू नका. आणि एवढ्यात प्रदर्शनात स्टॉल वगैरे नको. विकायचं म्हटलं की प्रयोग थांबतात.

एक मात्र आजच बंद करा. बागेला वर्षभर फवारे बसतात, बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणातलं मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, सालीवर असतं. त्या काड्या स्वयंपाकाच्या चुलीत नकोत. साल सोलून, परसात वेगळी चूल मांडून, वाऱ्याकडं पाठ करून जाळू दे. ऑक्टोबरच्या छाटणीला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सरळ काड्यांची एक मोळी तिच्यासाठी बाजूला काढा.