वहीत नसलेला रकाना

चि. पोरी,

खारघरला औषधांच्या दुकानात नोकरी लागली, फार बरं वाटलं. तिथल्या टाटा हॉस्पिटलला जाणारी-येणारी माणसं तुझ्या काउंटरवर थांबणार, म्हणून आधीच लिहितो.

तू आपल्या नौपाड्याच्या दुकानात यायच्या आधीची गोष्ट. एक आजोबा खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिनची चिठ्ठी घेऊन आले. मी स्ट्रिप पिशवीत घालतोय तोच आजींनी पर्समधून स्टीलची डबी काढली. "ही जेवणानंतरची गोळी याच्याबरोबर चालेल ना?" डबीत इमॅटिनिब, ब्लड कॅन्सरची गोळी. इतक्या वर्षांची ओळख, पण या आजाराचं ते मलाही बोलले नव्हते, फॅमिली डॉक्टरांनाही नाही. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून अँटिबायोटिक बदललं.

लिव्हरमधलं सीवायपी ३ए४ हे एन्झाइम इमॅटिनिबचा निचरा करतं. क्लॅरिथ्रोमायसिन त्यालाच अडवतं, मग गोळी तेवढीच असली तरी रक्तात साठते जास्त. टीबीचं रिफॅम्पिसिन नेमकं उलट करतं. एन्झाइम वाढतं आणि इमॅटिनिब रक्तात जेमतेम पाव भाग उरतं. टीबीचा कोर्स निदान सहा महिन्यांचा. तेवढे दिवस माणूस नेमाने कॅन्सरची गोळी घेतो आणि ती पुरी पडत नाही. मला याचीच जास्त धास्ती वाटते. औषध रक्तात जास्त झालं तर उलट्या, सूज डोळ्यांना दिसतात तरी, इथे काहीच दिसत नाही.

निलोटिनिब या ब्लड कॅन्सरच्याच दुसऱ्या गोळीबरोबर मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आलं तर ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर लांबून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाबरोबर को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक आलं तर रक्तपेशी धोकादायक घटतात, तोंड सोलून निघतं. पण ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, मुलांना न्युमोनिया होऊ नये म्हणून डॉक्टर को-ट्रायमॉक्साझोलच मुद्दाम देतात, रक्त तपासत राहतात. तेव्हा दोन्ही नावं दिसली म्हणून आपल्या मनाने एक काढून ठेवू नकोस. फोन लाव.

लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक देताना एच-१च्या वहीत, म्हणजे अशा औषधांसाठी कायद्याने ठेवायच्या नोंदवहीत, तू डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं लिहिशील. दुसरं काय चालू आहे, याला रकाना नाही. ते तोंडाने विचारावं लागतं. "आणखी काही गोळ्या?" म्हणालीस तर "बीपीची" म्हणून गप्प बसतील. गर्दीत कॅन्सर हा शब्द कोणी काढत नाही. जरा बाजूला घे, हळू विचार, "मोठ्या हॉस्पिटलातून काही चालू आहे का? फाइलचा फोटो आहे मोबाइलमध्ये?"

मात्र केमोच्या गोळ्या घेणाऱ्याला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, तर चौकशीत वेळ घालवू नकोस, पॅरासिटामॉल देऊन घरीही धाडू नकोस. पांढऱ्या पेशी कमी असल्या तर काही तासांत जिवावर बेततं. त्याला अँटिबायोटिक ताबडतोब हवं, तेही हॉस्पिटलात. काउंटर सोडावा लागला तरी चालेल, रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबव.

तुझे सर