जळगाव ते मुंबई विमानाचं अंतर किती? वेबसाइट २५ मिनिटं म्हणते, तिकिटावर सव्वा तास. खरं काय?

तिकिटावरचं खरं धरा. जळगाव विमानतळ ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण ३५५ किलोमीटर आहे. वेबसाइट त्याला मोठ्या जेटच्या ताशी ८५० किलोमीटर वेगाने भागते, म्हणून २५ मिनिटं येतात. या मार्गावर मात्र एटीआर-७२ हे पंख्याचं विमान चालतं. त्याचा उंचीवरचा वेग ताशी ५०० च्या आसपास, म्हणजे नुसत्या भागाकारानेच ४३ मिनिटं झाली. चढताना आणि उतरताना वेग त्याहून कमी, आणि आकाशातली वाटही सरळ रेषेची नसते.

शिवाय तिकिटावरची वेळ हवेतली नसतेच. जळगावला विमान जागेवरून हललं तिथून मुंबईला जागेवर थांबेपर्यंतचा तो काळ. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. रांग लागली की विमान हवेत घिरट्या घालतं. म्हणून कंपन्या वेळ सैल लावतात.

आता घरापासूनचा हिशोब. विमानतळ कुसुंब्याला, शहराला लागूनच. चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तेव्हा दीड तास आधी पोहोचा. पुढे सव्वा तास प्रवास, मग सामान यायला अर्धा तास. म्हणजे घरून विमानतळावर जायचा वेळ धरून मुंबई विमानतळाबाहेर पडेपर्यंत साधारण साडेतीन तास, आणि सीएसएमटीकडे जायचं असेल तर आणखी तासभर. रेल्वेने जळगाव ते सीएसएमटी ४२० किलोमीटर, सहा ते साडेसात तास. विदर्भ एक्सप्रेससारख्या रात्रीच्या गाडीत झोपून जाता येतं, दिवस मोडत नाही. सकाळी दहाची मीटिंग असेल तर माझं मत गाडीलाच.

धुळ्याहून जळगावला येणं म्हणजे मुंबईकडे पाठ करून ९०-९५ किलोमीटर उलट जाणं. वाचलेला वेळ तिथेच संपतो. भुसावळ, यावलकरांना मात्र परवडतं.

तिकीट काढण्याआधी विमान कोणत्या वारी आहे ते बघा, रोज असेलच असं नाही. २०१७ ला एअर डेक्कन, २०१९ ला ट्रूजेट, २०२४ ला अलायन्स एअर, अशी ही सेवा तुटत-जोडत आलीय. जुन्या माहितीवर विसंबू नका. त्याच दिवशी मुंबईहून पुढचं विमान असेल तर मध्ये किमान चार तास ठेवा, पावसाळ्यात त्याहून जास्त. दोन्ही तिकिटं वेगवेगळी असतील तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही.

एटीआरचा वरचा कप्पा लहान असतो. चाकाची मोठी बॅग विमानाच्या दारात घेऊन सामानाच्या कप्प्यात टाकतात, तेव्हा लॅपटॉप आणि औषधं आधीच हातातल्या पिशवीत घ्या. प्रवाशांचं दार मागे असतं, म्हणून शेवटच्या रांगेतले आधी उतरतात.